ऑनलाइन स्टॅटिस्टिक्सची एक टर्म: नेमकं कुठे शिकले आणि कुठे नुसतं बघत बसले

ऑनलाइन कोर्स केलेल्या कुठल्याही युनिव्हर्सिटीच्या स्टुडंटला विचारा, उत्तरं साधारण दोनच येतात, एकतर "भारी असतं, कधीही बघता येतं" नाहीतर "काही डोक्यात जात नाही". मला दोन्ही अर्धवट वाटतात, कारण एकाच कोर्समध्ये मला काही गोष्टी इतक्या पक्क्या समजल्या की आज झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, आणि काही लेक्चर्स अशी आहेत की ती बघितली होती हे फक्त सिस्टिमला माहितीये. म्हणून जे जसं घडलं तसं लिहितेय, कोर्स घेणाऱ्यांना आणि बनवणाऱ्यांना दोघांनाही उपयोग व्हावा म्हणून.

कोर्स होता स्टॅटिस्टिक्सचा, डिग्रीला कंपल्सरी, आणि आमच्या बॅचला तो पूर्ण ऑनलाइन दिला होता. रेकॉर्डेड लेक्चर्स, आठवड्यातून एक लाइव्ह सेशन, दर आठवड्याला क्विझ, एक डिस्कशन फोरम, शेवटी ग्रुप प्रोजेक्ट आणि घरून द्यायची परीक्षा. हे सगळं मूडलवर, म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवायच्या सॉफ्टवेअरवर. मूडल बऱ्याच जणांनी वापरलेलं असेल, ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डूगियामास यांनी ते बनवलं आणि २००२ मध्ये पहिलं व्हर्जन आलं, ओपन सोर्स असल्यामुळे जगभरातल्या युनिव्हर्सिट्या ते आपापल्या सर्व्हरवर चालवतात. लोक त्याच्या दिसण्याला नावं ठेवतात, मला त्याचं फारसं काही वाटत नाही. पण डॅशबोर्डवर एक प्रोग्रेस बार असतो आणि प्रत्येक व्हिडिओपुढे एक चौकोन, व्हिडिओ संपला की त्यात टिक येते, आणि या टिकमार्कबद्दल मला बरंच बोलायचंय.

पहिले काही आठवडे सगळी बॅच ते टिकमार्क गोळा करत होती. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज यायचे ते "किती टक्के झालं तुझं?" असे, समजलं का असं कोणी विचारायचं नाही. आणि यात स्टुडंट्सचा दोष आहे असं मला वाटत नाही, समोर जे मोजून दाखवलं जातं तेच माणूस पूर्ण करत जातो. व्हिडिओ शेवटपर्यंत चालला एवढंच सिस्टिमला कळतं, बघणारा त्या वेळी काय करत होता हे तिला कळायचा मार्गच नाहीये.

व्हिडिओंबद्दल एक सांगते. सुरुवातीची लेक्चर्स वर्गात शूट केलेली होती, एकेक तासाभराची, जुन्या बॅचला शिकवताना कॅमेरा लावलेला. आवाज लांबून यायचा, फळ्यावरचं अर्धं दिसायचं नाही, कोणी मागून प्रश्न विचारला तर तो ऐकूच यायचा नाही, फक्त मॅडमचं उत्तर ऐकू यायचं आणि प्रश्न काय असेल हे आपण ओळखायचं. नंतरच्या युनिट्सना मॅडमनी नवीन छोटे व्हिडिओ केले, टॅबलेटवर पेनने लिहीत लिहीत, पाच ते आठ मिनिटांचे, आणि फरक लगेच जाणवला. फक्त आमच्या बॅचचं असं नव्हतं. फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सेसच्या साइटवरच्या चार कोर्सेसमधली ६९ लाख व्हिडिओ सेशन्स तपासली होती, त्यात दिसलं की साधारण सहा मिनिटांपर्यंतचे व्हिडिओ लोक नीट बघतात आणि त्याहून लांब झाले की गळती लागते, शिवाय हाताने लिहीत समजावलेलं स्लाइड्सपेक्षा जास्त बघितलं जातं. म्हणजे हे दहा वर्षांपूर्वीपासून माहिती आहे, तरी अजून तासाभराचं रेकॉर्डिंग उचलून सर्व्हरवर टाकतात आणि त्याला ई-लर्निंग म्हणतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

स्पीड वाढवून बघण्याबद्दल सगळ्यांना गिल्टी वाटत असतं, तेवढं मात्र सोडून द्या. मी जवळजवळ सगळी लेक्चर्स दीडपटीने बघितली. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये २०२१ मध्ये यावर प्रयोग झालाय, दुप्पट स्पीडपर्यंत लेक्चर बघणाऱ्यांच्या मार्कांत फारसा फरक पडला नाही, त्याच्या वर गेलं की मात्र घसरले. अर्थात फॉर्म्युला डिराइव्ह करत असताना मी नॉर्मल स्पीडवर यायचे आणि मधेमधे पॉज करून पुढची ओळ स्वतः वहीत लिहून बघायचे, मग प्ले करून ताडून बघायचे. वर्गात हे करता येत नाही, फळा पुसला जातो. रेकॉर्डेड लेक्चरचा खरा फायदा मला हाच वाटतो, पॉजचं बटण.

आणि कॅप्शन्स. यावर कोणी फारसं बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. आमच्या बॅचमध्ये एकाला कमी ऐकू येतं, त्याने पहिल्याच आठवड्यात विचारलं की कॅप्शन्स कधी येणार. ऑटोमॅटिक कॅप्शन्स चालू केली तर "मीन" आणि "मेडियन" यांचा पार गोंधळ, "व्हेरिअन्स"च्या जागी भलताच शब्द, म्हणजे ज्या शब्दांवर सगळं अवलंबून आहे नेमके तेच चुकलेले. त्याने पाठपुरावा केला, मॅडमनी हाताने दुरुस्त करायला घेतलं, मग आम्ही काही जणांनी युनिट्स वाटून घेतली आणि मदत केली. रेकॉर्डेड व्हिडिओला कॅप्शन्स असणं ही वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या डब्ल्यूसीएजी नियमांत सगळ्यात खालच्या, म्हणजे "ए" लेव्हलची अट आहे, निदान एवढं तरी हवंच अशी. ती पूर्ण व्हायला एका स्टुडंटला मागे लागायला लागलं हे बरोबर नाही. पण झाल्यावर फायदा सगळ्यांना झाला, आवाज बंद ठेवून बघणाऱ्यांना, इंग्लिश कच्चं असलेल्यांना, आणि मला तर फारच, कारण कॅप्शन्सचा मजकूर सर्च करता येतो, "स्टँडर्ड एरर" हा शब्द कुठल्या लेक्चरमध्ये कितव्या मिनिटाला आलाय ते लगेच सापडायचं.

लाइव्ह सेशनचं सांगायचं तर सुरुवात अगदीच थंड होती. सगळ्यांचे कॅमेरे बंद, मॅडम बोलतायत, "समजलं का सगळ्यांना?" आणि शांतता. मग कॅमेरे चालू ठेवा असा नियम आला, त्याने काही सुधारलं नाही, उलट दमायला व्हायचं. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली होती, सतत जवळून समोरासमोर चेहरे, स्वतःचाच चेहरा बघत बसणं, एका जागी खिळून राहणं आणि हावभाव पोचवायला लागणारी जास्तीची मेहनत. मी ते वाचून स्वतःची विंडो लपवायला लागले, सेटिंगमध्ये तो ऑप्शन असतो, आपण इतरांना दिसतो पण आपल्याला आपण दिसत नाही, करून बघा, खूप फरक पडतो.

पण खरा बदल झाला तो मॅडमनी पोल घ्यायला लागल्यावर. पद्धत अशी, स्क्रीनवर एक प्रश्न, चार ऑप्शन्स, आधी प्रत्येकाने एकट्याने मत द्यायचं, निकाल दाखवायचा नाही, मग तिघा-चौघांच्या ब्रेकआउट रूममध्ये तीन मिनिटं वाद घालायचा, परत येऊन पुन्हा मत द्यायचं, आणि मग मॅडम बोलणार. ही त्यांची स्वतःची आयडिया नव्हती, हार्वर्डचे फिजिक्सचे प्रोफेसर एरिक माझुर १९९१ पासून असं शिकवायला लागले, त्याला पीअर इन्स्ट्रक्शन म्हणतात. याआधी ब्रेकआउट रूम म्हणजे नुसतं एकमेकांच्या काळ्या चौकोनांकडे बघणं असायचं, पण "तू बी का निवडलंस?" एवढं विचारायला कारण मिळालं की लोक बोलतात. जे वर्गात कधी तोंड उघडत नाहीत ते पण बोलत होते, चॅटमध्ये तर आणखीनच.

यावर बॅचमध्ये तक्रारी पण झाल्या बरं का. "मॅडम शिकवत नाहीत, आमच्याकडूनच करून घेतात" असं लिहून मेल गेली. मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं, मग हार्वर्डमध्येच झालेला २०१९ चा एक अभ्यास वाचला, लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांचा. फिजिक्सच्या एका कोर्समध्ये काही स्टुडंट्सना सफाईदार लेक्चर दिलं आणि काहींना तेच मटेरियल गटात सोडवायला लावलं. सोडवणारे टेस्टमध्ये जास्त शिकलेले निघाले पण त्यांना स्वतःला वाटत होतं की आपण कमी शिकलो. लेक्चर ऐकणाऱ्यांचं नेमकं उलटं. गुळगुळीत लेक्चर ऐकताना सगळं समजतंय असं वाटतं ना, ते वाटणं आणि समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रेकॉर्डेड व्हिडिओ तर इतका गुळगुळीत असतो, एडिट केलेला, अडखळणं काढून टाकलेलं, की ते वाटणं अजूनच वाढतं. माझ्या मते ऑनलाइन शिकण्यातला सगळ्यात मोठा धोका इंटरनेट जाणं नाही, समजल्याची ही भावना आहे.

आता क्विझ. कोर्समधला मला सगळ्यात आवडलेला भाग, आणि थोडं खोलात जाऊन लिहिते. दर आठवड्याची क्विझ पाहिजे तितक्या वेळा देता यायची, आणि प्रत्येक वेळी आकडे बदलायचे. मूडलमध्ये "कॅल्क्युलेटेड" नावाचा प्रश्नप्रकार आहे, त्यात प्रश्नाचा सांगाडा एकच पण व्हॅल्यूज प्रत्येकाला वेगळ्या पडतात, त्यामुळे मित्राचं उत्तर कॉपी करून उपयोग नाही, पद्धतच विचारायला लागते. गणितासाठी याहून पुढचं स्टॅक म्हणून एक आहे, क्रिस सँगविन यांनी २००४ मध्ये सुरू केलेलं, त्यात स्टुडंट स्वतः बीजगणिती उत्तर टाइप करतो आणि ते बरोबर आहे का हे सिस्टिम तपासते, चूक कुठल्या प्रकारची आहे तेही सांगू शकते. आमच्याकडे ते नव्हतं, पण साध्या बदलत्या आकड्यांनी सुद्धा ग्रुपवरची भाषा बदलली, "तिसऱ्याचं उत्तर टाक" ऐवजी "तिसऱ्यात एन मायनस वन कधी घ्यायचं?" असे मेसेज यायला लागले. वाचत राहण्यापेक्षा आठवून लिहिण्याने जास्त टिकतं हे रोडिगर आणि कारपिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिलंय, पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर परत परत वाचणारे पुढे, पण आठवड्याने घेतली तर स्वतःची टेस्ट घेणारे पुढे. परीक्षा आठवड्यांनंतरच असते, पाच मिनिटांनी नसते.

तर एका आठवड्याच्या क्विझमध्ये कॉन्फिडन्स इंटरव्हलवर प्रश्न होता, म्हणजे थोड्या जणांच्या सॅम्पलवरून सगळ्यांच्या खऱ्या सरासरीचा जो "इथपासून इथपर्यंत" असा अंदाज काढतात त्यावर. सॅम्पलवरून काढलेला, स्टुडंट्सच्या सरासरी वेळेचा ९५ टक्क्यांचा इंटरव्हल ४२ ते ४८ मिनिटं आहे, तर खालीलपैकी काय बरोबर? एक ऑप्शन होता की ९५ टक्के स्टुडंट्स ४२ ते ४८ मिनिटांत बसतात. दुसरा, खरी सरासरी या इंटरव्हलमध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के आहे. तिसरा, याच पद्धतीने परत परत सॅम्पल घेऊन इंटरव्हल काढत राहिलं तर साधारण ९५ टक्के इंटरव्हल्समध्ये खरी सरासरी सापडेल. बरोबर उत्तर तिसरं. बॅचमधल्या बहुतेकांनी दुसरं निवडलेलं, आणि फोरमवर एकाने लिहिलं की दुसरं आणि तिसरं यात फरकच काय आहे, शब्दांचा खेळ आहे हा नुसता.

त्या पोस्टखाली जे झालं ते मी कधी विसरणार नाही. आमच्या टीएने, म्हणजे टीचिंग असिस्टंटने, उत्तर सांगितलंच नाही, फक्त एक सिम्युलेशनची लिंक टाकली आणि लिहिलं, "आधी शंभर वेळा बटण दाबा, मग बोलू." ब्राउझरमध्येच उघडायचं ते, काही इन्स्टॉल करायला नको. मधोमध एक उभी रेघ, ती खरी सरासरी, जी आपल्याला खऱ्या आयुष्यात कधीच माहीत नसते पण इथे दाखवलेली. बटण दाबलं की एक नवीन सॅम्पल निघतं आणि त्याचा इंटरव्हल एका आडव्या पट्टीसारखा दिसतो. पट्टी रेघेला छेदत असेल तर निळी, चुकली तर लाल. दाबत गेलं की पट्ट्या एकाखाली एक साचत जातात, बऱ्याचशा निळ्या आणि अधूनमधून एखादी लाल. शंभर झाल्यावर मोजलं तर लाल पाचच्या आसपास, कुणाला चार आल्या, कुणाला सात.

मग त्यात दोन स्लायडर होते. सॅम्पलची साइज वाढवली की पट्ट्या आखूड होतात, चौपट केली की साधारण निम्म्या, आणि इथे फोरमवर खरी मजा आली कारण सगळ्यांना वाटत होतं की सॅम्पल मोठं केलं की लाल पट्ट्या कमी होतील. होत नाहीत. पट्ट्या आखूड होतात पण शंभरात लाल तेवढ्याच राहतात, पाचच्या आसपास. दुसऱ्या स्लायडरने ९५ चे ८० टक्के केले की मात्र पट्ट्या आखूड होतातच आणि लाल पण वीसच्या घरात जातात. हे पुस्तकात वाचलं असतं तर मान डोलावून पुढे गेले असते, इथे आधी अंदाज बांधला, तो सगळ्यांसमोर लिहिला, मग बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी टीएने एकच वाक्य टाकलं: "तुमच्या हातात प्रत्यक्षात एकच पट्टी असते, ती लाल आहे का निळी हे तुम्हाला कसं कळणार?"

यावर चाळीसेक रिप्लाय झाले असतील. कोणी म्हणालं कळणारच नाही, मग ९५ टक्के कशाचे? कोणी लिहिलं की ९५ टक्के पट्टीचे नाहीतच, पट्ट्या बनवायच्या पद्धतीचे आहेत. ज्याने शब्दांचा खेळ म्हटलं होतं त्यानेच शेवटी सगळ्यात स्वच्छ उत्तर लिहिलं, की पट्टी एकदा काढली की ती एकतर निळी आहे किंवा लाल आहे, तिथे शक्यता वगैरे काही उरलेली नाही, भरवसा आहे तो पद्धतीवर. स्टॅटिस्टिशियन जर्झी नेमन यांनी १९३७ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हापासून लोक तिथेच अडखळतायत, छापलेल्या पेपरांत सुद्धा चुकीचा अर्थ लावलेला सापडतो, आणि आमच्या बॅचने ती एका फोरमच्या धाग्यावर सोडवली याचा मला अभिमान आहे. खूप भारी वाटलं होतं त्या दिवशी.

या सगळ्यात टेक्नॉलॉजी किती होती बघा, एक साधं वेबपेज, दोन स्लायडर आणि एक फोरम. आणि एक माणूस, ज्याने उत्तर द्यायची घाई केली नाही आणि तरीही दुसऱ्या दिवशी न विसरता परत आला. फोरम प्रत्येक कोर्समध्ये असतो, बहुतेक ठिकाणी ओसाड पडलेला असतो, "असाइनमेंटची डेट काय आहे" एवढे दोन प्रश्न आणि त्यांना पण उत्तर नाही. आमचा चालला कारण टीए रोज यायचा. नंतर कळलं की त्या कामाचे त्याला वेगळे तास मोजून मिळत नव्हते, स्वतःच्या वेळात करत होता. युनिव्हर्सिट्या लायसन्स आणि सॉफ्टवेअरवर खर्च करतात तेव्हा या तासांचे पैसे आधी बाजूला काढायला हवेत असं माझं ठाम मत आहे.

चॅटबॉटबद्दल लिहिल्याशिवाय आज कुठलाच अनुभव पूर्ण होणार नाही. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि आता बॅचमधला जवळजवळ प्रत्येक जण काही ना काही वापरतो, मी पण वापरते. मला उपयोग झाला तो कोडमधल्या एररचा अर्थ विचारायला आणि सरावाचे जास्तीचे प्रश्न बनवून घ्यायला. पण ज्यांनी क्विझचे प्रश्न थेट पेस्ट केले त्यांचं सगळं छान जुळत गेलं आणि लाइव्ह पोलमध्ये तेच प्रश्न आले की अडकायचे. तुर्कस्तानात हायस्कूलच्या जवळजवळ हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं, गणिताच्या सरावाला साधा चॅटबॉट दिला तेव्हा सराव ४८ टक्क्यांनी चांगला झाला, पण तो काढून घेऊन परीक्षा घेतली तर चॅटबॉट न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्के कमी मार्क पडले. त्याच प्रयोगात ज्यांना उत्तर न देता फक्त हिंट देणारा बॉट दिला होता त्यांचं असं नुकसान झालं नाही. हे वाचल्यावर मला आमचा टीएच आठवला. तेव्हापासून मी विचारतानाच लिहिते की उत्तर सांगू नकोस, माझी पायरी तपास फक्त. बरेचदा ऐकतो, कधीकधी मधेच उत्तर सांगून मोकळा होतो.

ग्रुप प्रोजेक्ट ठीक झाला. शेअर्ड डॉक्युमेंटमध्ये कोणी किती लिहिलं याची हिस्टरी दिसते त्यामुळे भांडणं कमी झाली, एवढंच.

परीक्षा मात्र वाईट अनुभव. घरून द्यायची होती आणि प्रॉक्टरिंग सॉफ्टवेअर, म्हणजे कॅमेऱ्यातून पहारा ठेवणारं, लावलेलं. आधी आयडी कॅमेऱ्यासमोर धरायचा, मग लॅपटॉप उचलून पूर्ण खोली फिरवून दाखवायची, टेबलाखाली पण, मग ब्राउझर लॉक होतो आणि पूर्ण वेळ कॅमेरा आणि माइक चालू. नियमांत लिहिलेलं की नजर स्क्रीनवर असावी, वारंवार दुसरीकडे बघितलं तर फ्लॅग होईल, म्हणजे संशयास्पद म्हणून नोंद होईल. आता स्टॅटिस्टिक्सची परीक्षा आहे, कच्चं काम कागदावर करायचं आहे, कागद टेबलावर आहे, खाली न बघता ते करायचं कसं? मी प्रत्येक गणिताला खाली बघायचे आणि प्रत्येक वेळी मनात यायचं की आता फ्लॅग पडला असेल. अर्धं लक्ष प्रश्नात आणि अर्धं स्वतःच्या मानेवर. एका मैत्रिणीला प्रश्न पुटपुटत वाचायची सवय आहे, तिला मधेच वॉर्निंग आली, बाकीचा पेपर तिने ओठ घट्ट मिटून लिहिला. आणखी एकाचं कनेक्शन गेलं, परत लॉगिन होईपर्यंत टायमर चालूच होता, नंतर मेलामेली करून त्याला परत संधी मिळाली पण त्यात किती दिवस गेले आणि किती टेन्शन आलं त्याला.

घराची एकच खोली असलेल्या, लहान भावंडं आत-बाहेर करत असलेल्या माणसाने "खोलीत दुसरं कोणी नको" ही अट कशी पाळायची याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. अमेरिकेत ओहायोमध्ये क्लीव्हलँड स्टेट युनिव्हर्सिटीच्या एका स्टुडंटने याच रूम स्कॅनवरून केस केली होती आणि २०२२ मध्ये फेडरल कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला, सरकारी युनिव्हर्सिटीने परीक्षेआधी घरातली खोली अशी कॅमेऱ्याने बघणं म्हणजे राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीनुसार अवाजवी झडती ठरते असं म्हटलं. ते वाचून मला बरं वाटलं, म्हणजे जे अंगावर आलं होतं ते माझ्या एकटीच्या मनाचे खेळ नव्हते.

कॉपी थांबवायला हवी हे मला पूर्ण मान्य आहे. पण बदलत्या आकड्यांचे प्रश्न आमच्याच क्विझमध्ये होते, प्रोजेक्ट प्रत्येक ग्रुपचा वेगळ्या डेटावर होता, त्यावर प्रत्येकाला दहा मिनिटं तोंडी प्रश्न विचारले असते तर कोणाला काय येतं हे स्वच्छ दिसलं असतं. वेळ लागतो हे खरं, पण त्या दहा मिनिटांत कोणीतरी आपल्याशी बोलतं. कोर्सच्या शेवटच्या फीडबॅक फॉर्ममध्ये मी हेच सविस्तर लिहिलं, आणखी बऱ्याच जणांनी लिहिलं असणार, कारण पुढच्या बॅचला लेखी परीक्षेचं वजन कमी करून छोटी व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, ठेवलीये. रूम स्कॅन अजून आहे.

अजून एक गोष्ट जी मला कोणी आधी सांगितली नव्हती. कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनी अ‍ॅक्सेस बंद होतो. व्हिडिओ, क्विझ, फीडबॅक, सगळा फोरम, सगळंच. एमआयटीने २००१ मध्ये ओपनकोर्सवेअर जाहीर केलं, तिथलं त्यांच्या कोर्सेसचं मटेरियल आज कोणीही कधीही बघू शकतं, आणि आम्ही स्वतः लिहिलेले रिप्लाय आम्हालाच दिसू नयेत हे मला पटत नाही. व्हिडिओंचं एक वेळ जाऊ दे, तसे दुसरीकडे मिळतील, पण तो पट्ट्यांचा धागा दुसरीकडे कुठे मिळणार? बॅचमधल्या दोघी-तिघींनी मिळून तो बंद व्हायच्या आधी कॉपी केला, लिहिणाऱ्यांना विचारून नावं काढून टाकली, आणि टीएच्या परवानगीने सिम्युलेशनची लिंक वर जोडली. आता ती फाइल पुढच्या बॅचकडे गेलीये आणि त्यांनी तिच्यात स्वतःचे प्रश्न टाकायला सुरुवात केलीये, पी-व्हॅल्यू या स्टॅटिस्टिक्समधल्याच दुसऱ्या एका कल्पनेवर वाद चाललाय सध्या. तुमचा कोर्स अजून चालू असेल तर बंद व्हायची तारीख आत्ताच बघून ठेवा, आमच्याकडे ती कोर्स इन्फर्मेशनच्या पानावर अगदी तळाला, बारीक अक्षरात होती.